चंद्रावर सावली कुणाची?

(नांदेड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. शेवटची प्रश्नोत्तरे ठेवली आहेत.)

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आयुष्यभर लातूर आणि नांदेड या दोन गावांत शिकवलं आणि आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हा चंद्रावर बोलायला मला का बोलावलं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. मलाही पडला होता. पण विषय मीच सुचवला होता, त्याला कारण आहे. ते सांगतो.

आधी एक करू. चंद्र लहानमोठा होतो, कधी कोर, कधी अर्धा, कधी पूर्ण. हे कशामुळे होतं? ज्यांना वाटतं की पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून होतं, त्यांनी हात वर करा. लाजू नका. (बरेच हात वर.) बघा, निम्म्याहून जास्त सभागृह आहे. पहिल्या रांगेतले दोन-तीन हात अर्धेच वर आलेत, तेही मी मोजतो. (हशा.)

आता कबुली देतो. मीसुद्धा त्यातलाच. नुसता त्यातला नाही, मी हे शिकवत होतो. तर्कशास्त्राच्या तासाला कार्यकारणभाव समजावताना मी फळ्यावर उदाहरण लिहायचो : पृथ्वीची सावली हे कारण, चंद्राच्या कला हे कार्य. अकरा वर्षं लिहिलं. डॉक्टरेट झाल्यावरही लिहिलं. एकाही विद्यार्थ्यानं हात वर केला नाही, एकाही सहकाऱ्यानं टोकलं नाही.

टोकलं ते माझ्या मायनं. अहमदपूर तालुक्यात आमचं गाव. मी सुटीला गेलो होतो. दुपारचे चार-साडेचार वाजले असतील. माय वट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. धाकट्या भावाचा मुलगा शाळेचं पुस्तक घेऊन आला, म्हणाला, काका, चंद्राच्या कला सांगा. काका सांगायला लागले. पृथ्वी मध्ये येते, तिची सावली पडते, वगैरे वगैरे. मायनं सूप खाली ठेवलं आणि हातानं आभाळाकडं दाखवलं. पूर्वेच्या अंगाला, बाभळीच्या वर, पांढुरका अर्धा चंद्र दिसत होता. सूर्य पश्चिमेला होता, चांगला कासराभर वर. ती म्हणाली, "आरं, सूर्य तिकडं, चांद हिकडं, अन् आपून हितं खाली. दोघं बी दिसायलेत. मग आपली सावली मधी जाऊन पडंल कशी?"

मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "माय, तुला नाही कळायचं ते." आणि पोराला घेऊन आत गेलो.

हे वाक्य मला आजही टोचतं. तिला शाळेचं तोंड माहीत नव्हतं. पण त्या वट्यावर त्या वेळी योग्य रीतीनं विचार करणारं एकच माणूस होतं आणि ते मी नव्हतो. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचं तर तिच्याकडे प्रत्यक्ष होतं आणि त्यावरून काढलेलं अनुमान होतं. माझ्याकडे होतं फक्त शब्दप्रमाण, कुणीतरी कधीतरी सांगितलेलं, आणि तेही चुकून ऐकलेलं.

रात्री झोप लागली नाही. सावली नेहमी उजेडाच्या विरुद्ध बाजूला पडते. सूर्य पश्चिमेला असेल तर पृथ्वीची सावली पूर्वेकडे, क्षितिजाच्याही खाली गेलेली असणार. चंद्र तर डोळ्यांसमोर वर आहे. मग त्याचा अर्धा भाग काळा कुणी केला?

या प्रश्नाचं उत्तर दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये चंद्र हा स्वतः प्रकाश देत नाही, सूर्याच्या उजेडानं दिसतो, हे मांडलं. पुढच्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं बृहत्संहितेच्या चौथ्या अध्यायात जे उदाहरण दिलं आहे ते मला फार आवडतं. तो म्हणतो, उन्हात ठेवलेला घडा बघा. सूर्याकडची बाजू उजळलेली असते, दुसरी बाजू काळी असते. ती काळी कशानं? घड्याच्या स्वतःच्याच सावलीनं. चंद्राचंही तेच.

संपलं. पृथ्वीचा काही संबंध नाही. चंद्राचा काळा भाग म्हणजे चंद्राचीच पाठ, ऊन न लागलेली. अंगणात घागर ठेवा, कुणी मध्ये उभं राहायची गरज नाही, ती अर्धी उजळ आणि अर्धी काळी असतेच. आता त्या घागरीभोवती तुम्ही फिरा. सूर्याकडून बघितलंत तर सगळी घागर उजळ दिसेल. सूर्याच्या विरुद्ध बाजूनं बघितलंत तर सगळी काळी. बाजूनं बघितलंत तर अर्धी-अर्धी. घागरीत काही बदल झाला का? नाही. बदलली ती तुमची बघण्याची जागा.

चंद्राच्या बाबतीत एवढाच फरक की आपण घागरीभोवती फिरत नाही, घागर आपल्याभोवती फिरते. परिणाम तोच. चंद्राचा निम्मा गोल कायम उजळलेला असतो, अमावास्येलासुद्धा. त्या उजळ निम्म्यातला किती भाग आपल्याकडे तोंड करून आहे, त्याला आपण कला म्हणतो. ग्रहणाचा काळ तेवढा सोडा, त्याकडे पुढे येतो.

घरी करून बघायचं असेल तर दोन प्रयोग सांगतो. पहिला बहुतेकांना माहीत असतो. रात्री खोलीत एकच बल्ब लावा, हातात मोसंबी घ्या, हात लांब करा. तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. बल्बकडे तोंड केलंत की मोसंबीची काळी बाजू तुमच्याकडे : अमावास्या. डावीकडे हळूहळू वळा. उजव्या कडेला बारीक कोर दिसायला लागेल. पाव फेरी झाली की उजवी बाजू अर्धी उजळ : शुद्ध अष्टमी. बल्बकडे पाठ केलीत की पौर्णिमा. इथं मात्र मोसंबी डोक्याच्या जरा वर धरा, नाहीतर तुमच्याच डोक्याची सावली तिच्यावर पडेल. ती पडली तर ते चंद्रग्रहण. म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडते हे खरं आहे, पण ते ग्रहणात, आणि ग्रहण फक्त पौर्णिमेला. आपण शाळेत दोन धडे ऐकले आणि डोक्यात त्यांचा एकच धडा करून ठेवला. घोळ तिथं आहे.

दुसरा प्रयोग कमी लोकांना माहीत आहे आणि तो जास्त चांगला आहे. शुद्ध सप्तमी किंवा अष्टमीला, दुपारी चार वाजता, उन्हात उभे राहा. चंद्र शोधा, दिसेल. आता एक लिंबू घ्या आणि हात लांब करून ते चंद्राच्या शेजारी धरा. लिंबावर जेवढं ऊन, जेवढी सावली, अगदी त्याच आकाराची, त्याच कलाची चंद्रावर दिसेल. कारण दोघांवर एकाच सूर्याचं ऊन एकाच दिशेनं पडतं. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझं वय पंचेचाळीसच्या पुढे होतं. लिंबू हातात घेऊन पाच मिनिटं तसाच उभा होतो. रस्त्यानं जाणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, "सर, दृष्ट काढताय का कुणाची?" (हशा.)

आता पंचांगाकडे येऊ. कारण जी गोष्ट समजायला मला एवढा वेळ लागला, ती आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर टांगलेली आहे.

तिथी म्हणजे काय? आपण तिला तारखेचा जुना प्रकार समजतो. पण तिथी हा मुळात कोन आहे. सूर्य आणि चंद्र आकाशात एकमेकांपासून किती अंशांनी लांब आहेत, ते ती सांगते. पूर्ण फेरी ३६० अंशांची, तिचे तीस भाग केले, एक भाग बारा अंशांचा. सूर्य-चंद्र एका रेषेत आले की शून्य. तिथून बारा अंशांपर्यंत प्रतिपदा, चोवीसपर्यंत द्वितीया, छत्तीसपर्यंत तृतीया. अष्टमीच्या मध्यावर नव्वद अंश, म्हणजे काटकोन, म्हणून अष्टमीचा चंद्र अर्धा. पौर्णिमा संपते त्या क्षणी १८० अंश, समोरासमोर. आपली आजी "आज पंचमी आहे" म्हणायची तेव्हा तिला माहीत असो वा नसो, ती एक कोन सांगत होती.

शब्द बघा. अमावास्या. आपण अर्थ लावतो, चंद्र नसण्याची रात्र. संस्कृतात 'अमा' म्हणजे एकत्र आणि 'वस्' म्हणजे राहणं. सूर्य आणि चंद्र एकत्र राहतात तो दिवस. चंद्र नाहीसा होत नाही, सूर्याच्या घरी असतो. दिवसभर सूर्याबरोबर आकाशात असतो, त्याच्याबरोबर उगवतो, त्याच्याबरोबर मावळतो. फक्त त्याची पाठ आपल्याकडे असते आणि शेजारी सूर्य तळपत असतो, म्हणून दिसत नाही. सगळा सिद्धांत त्या एका शब्दात बसलेला आहे. आणि आपण त्या शब्दाला भूतं चिकटवली.

चंद्र सूर्यापासून रोज साधारण बारा अंश पुढे सरकतो. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो, तिथ्या मात्र तीस. म्हणून सरासरी तिथी चोवीस तासांपेक्षा थोडी लहान असते. शिवाय चंद्राची चाल सारखी नसते. पृथ्वीच्या जवळ असताना तो भरभर जातो, लांब असताना रेंगाळतो. त्यामुळे तिथी कधी वीस तासांतच आटोपते, कधी सव्वीस तासांच्या पुढे जाते. पंचांगात क्षयतिथी दिसली की लोक म्हणतात, ब्राह्मणांनी एक दिवस खाल्ला. कुणी खाल्ला नाही हो, चंद्र पळाला. (हशा.)

कोन कळला की चंद्र कधी उगवेल, कधी मावळेल हेही कळतं. रोज बारा अंश म्हणजे रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर. पौर्णिमेला सूर्य मावळतो आणि समोरून चंद्र उगवतो. आता चतुर्थीचं बघा. चतुर्थीचे दोन प्रकार आपल्याला घरोघरी माहीत आहेत. भाद्रपद शुद्ध चतुर्थी, गणपती बसतात, त्या रात्री चंद्र बघायचा नाही म्हणतात. आणि दर महिन्याची वद्य चतुर्थी, संकष्टी, तेव्हा चंद्र बघितल्याशिवाय जेवायचं नाही. एकीकडे बघू नका, दुसरीकडे बघितल्याशिवाय घास नाही. दोन्हीत कोनाचा हिशेब मात्र एकच आहे. गणेश चतुर्थीला चंद्र सूर्याच्या मागे छत्तीस ते अठ्ठेचाळीस अंश असतो, म्हणून सूर्यास्तानंतर अडीच-तीन तासांनी मावळतो. ज्यांना बघायचा नाही, त्यांची तेवढ्या वेळेपुरतीच अडचण, नऊ-साडेनऊनंतर बाहेर खुशाल फिरावं. संकष्टीला तो पौर्णिमेच्या जागेपासून तेवढाच पुढे गेलेला असतो, म्हणून सूर्यास्तानंतर साधारण तेवढ्याच वेळानं उगवतो. ऋतूप्रमाणे साडेआठ-नऊपासून दहापर्यंत. उपास करणाऱ्या बायका गच्चीवर जाऊन ताटकळतात ते या कोनामुळे.

यात आपल्या नांदेडकरांचा एक फायदा आहे. बऱ्याच दिनदर्शिकांत चंद्रोदयाची वेळ मुंबईची छापलेली असते. नांदेड आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, पण नांदेड साडेचार अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे नांदेडला चंद्र मुंबईपेक्षा साधारण अठरा मिनिटं आधी उगवतो, लातूरला साधारण पंधरा. मुंबईची वेळ बघून उपास सोडणारे आमच्याकडचे लोक दर महिन्याला पाव तास उगीच उपाशी राहतात. (हशा.) चंद्र केव्हाच वर आलेला असतो आणि हे घड्याळाकडे बघत बसलेले असतात. हा विनोद नाही, आमच्या घरातच घडायचं.

आता अमावास्येबद्दल बोलायचं तर लातूरला वगळून बोलता येणार नाही. मार्गशीर्ष अमावास्या म्हणजे आपली येळवस, वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव, नांदेडचा काही भाग, पलीकडे बिदर, कलबुर्गी. बाकी महाराष्ट्राला या सणाची फारशी कल्पना नाही. त्या दिवशी लातूर शहरात रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील. लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची जत्राही याच अमावास्येच्या तोंडावर भरते. ज्या मराठवाड्यात अमावास्येला लोक गावाला निघत नाहीत, नवीन काम काढत नाहीत, त्याच मराठवाड्यात वर्षातला सगळ्यात आनंदाचा शेतीचा सण अमावास्येचा आहे. हे मला फार बोलकं वाटतं. भीती आणि आनंद दोन्ही आपणच त्या तिथीला लावले, चंद्रानं नाही.

२०१९ साली याच मार्गशीर्ष अमावास्येला, २६ डिसेंबरच्या सकाळी, सूर्यग्रहण होतं. केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. आठच्या सुमाराला लागलं, अकराच्या सुमाराला सुटलं. मी त्या दिवशी नातवंडांना ग्रहणाचे चष्मे लावून उभं केलं होतं. सूर्याला एक काळा घास पडला होता, गोल कडेचा. मी त्यांना म्हणालो, नीट बघा, हा अमावास्येचा चंद्र आहे. आयुष्यात अमावास्येचा चंद्र बघायला मिळण्याची ही एकच तऱ्हा. बाकी सगळ्या अमावास्यांना तो तिथंच असतो, पण सूर्याच्या थोडा वरून नाहीतर थोडा खालून निघून जातो, कारण त्याची वाट पृथ्वीच्या वाटेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश थोडे वाटतात. पण चंद्राची रुंदी आकाशात अर्धाच अंश आहे, त्या मानानं पाच खूप झाले. म्हणून दर अमावास्येला सूर्यग्रहण नाही आणि दर पौर्णिमेला चंद्रग्रहण नाही.

एक गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तरुण मुलं समोर बसली आहेत. २३ ऑगस्ट २०२३, चंद्रयान-३ उतरलं. पंचांग काढून बघा, श्रावण शुद्ध सप्तमी. हीच वेळ का? चंद्रावर कोणत्याही एका जागी सलग दोन आठवडे ऊन आणि दोन आठवडे रात्र असते. तिथला दिवस म्हणजे आपला एक पक्ष. शुद्ध पक्षात आपल्याला उजेड आणि अंधार यांच्यामधली जी कड दिसते, ती तिथली पहाट. रोज ती कड पुढे सरकते, तसतसा नव्या नव्या जागी सूर्य उगवतो. यान सौरऊर्जेवर चालणार, तेव्हा उतरायच्या जागी नुकताच सूर्य उगवलेला हवा, म्हणजे पूर्ण दिवस कामाला मिळतो. वद्य पक्षात तीच कड म्हणजे संध्याकाळ. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथं संध्याकाळ होत आली, तेव्हा रोव्हर आणि लँडर दोन्ही झोपवले. त्या सायंकाळी सगळा देश टीव्हीसमोर होता. सहा वाजून चार मिनिटांनी यान टेकलं तेव्हा चंद्र आपल्या डोक्यावरच्या आकाशात, दक्षिणेकडे होता. बाहेर येऊन किती जणांनी बघितलं? ढग असतील, मान्य. पण ढग आहेत की नाहीत, हे बघायलाही आम्ही कुणी उठलो नाही.

आता माझ्या विषयाचं थोडं. ॲरिस्टॉटलनं आपल्या 'पोस्टिरिअर ॲनॅलिटिक्स' या ग्रंथात चंद्राचंच उदाहरण घेतलं आहे. तो म्हणतो, चंद्र ज्या पद्धतीनं वाढतो त्यावरून आपण ओळखतो की तो गोल आहे. पण तो तसा वाढतो याचं कारण तो गोल आहे, हे आहे. ओळखण्याची वाट एका दिशेनं आणि कारणाची वाट उलट दिशेनं. 'असं आहे' हे कळणं वेगळं आणि 'असं का आहे' हे कळणं वेगळं. माझ्या मायला पहिलं पक्कं कळत होतं. कोणत्या तिथीला किती रात्री उजेड राहील, पहाटे रानात जायला चांदणं मिळेल का, हे ती बोटावर सांगायची. दुसरं तिला ठाऊक नव्हतं. माझं उलटं. मला पहिलं माहीतच नव्हतं, मी आकाशाकडे बघतच नव्हतो, आणि दुसऱ्याचं चुकीचं उत्तर पाठ होतं. ज्याला 'काय' माहीत नाही त्याला 'का' चुकीचं सांगितलं तरी चालून जातं, कारण तपासायला त्याच्याजवळ काहीच नसतं.

ॲरिस्टॉटलच्या आधी ग्रीसमध्ये ॲनॅक्सॅगोरस होऊन गेला. चंद्राला उजेड सूर्याकडून मिळतो आणि सूर्य म्हणजे तापलेला दगड आहे, असं त्यानं सांगितलं. सूर्याला देव न मानल्याचा ठपका आला आणि त्याला अथेन्स सोडावं लागलं. आपल्याकडे असं झालं नाही म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. पण आपल्याकडे वेगळंच झालं. ज्या वराहमिहिराचा घडा मी मघाशी सांगितला, त्याच्याच त्या अध्यायात पुढे चंद्राच्या कोरीचे आकार दिले आहेत, नावेसारखी कोर, नांगरासारखी कोर, आणि प्रत्येकीचं भाकीत दिलं आहे. एकाच अध्यायात खरं कारण आणि शकुन शेजारी-शेजारी. कुणी कुणाला हाकललं नाही. आम्ही पुढच्या पिढ्यांनी शकुन जपले आणि घडा विसरलो. याला मी सहिष्णुता म्हणत नाही, आळस म्हणतो. माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं.

राहिली मायची गोष्ट. पुस्तकं चाळून, माझी चूक खात्रीनं कळल्यावर, आठ दिवसांनी मी परत गावी गेलो. तिला सांगितलं, माय, तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, सावली आपली नसते, त्याची त्याचीच असते. ती म्हणाली, "आसंल." आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र कॉलेज उघडल्यावर वर्गात उभं राहून ते उदाहरण पुसावं लागलं. त्या वर्षीच्या मुलांपुढे पुसलं. आधीच्या अकरा वर्षांच्या मुलांचं काय? त्यातले काही आज शिक्षक आहेत. म्हणून हा विषय मी सुचवला.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : सर, आम्हाला रात्रीची वीज मिळते, रात्री पिकाला पाणी द्यावं लागतं. अष्टमीला चंद्र अर्धा असतो, पण उजेड पौर्णिमेच्या निम्माही नसतो. असं का?

उत्तर : तुम्ही बघता म्हणून हा प्रश्न पडला. गच्चीवरच्या माणसाला पडत नाही. अष्टमीच्या चंद्राचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नव्हे, साधारण दहावा हिस्सा असतो. कारण असं की चंद्र गुळगुळीत नाही, खड्ड्या-डोंगरांचा आहे. अष्टमीला त्याच्यावर ऊन तिरपं पडतं. सकाळच्या उन्हात नांगरलेलं रान बघा, प्रत्येक ढेकळाची सावली लांब पडलेली असते आणि रान काळपट दिसतं. तसंच. पौर्णिमेला ऊन आपल्या पाठीमागून सरळ पडतं, सगळ्या सावल्या ढेकळांच्या मागं लपतात आणि रान एकदम उजळतं. म्हणून शुद्ध एकादशीपासून वद्य चतुर्थीपर्यंतच कामाचं चांदणं असतं. हे तुम्हाला माझ्याआधी माहीत आहे.

प्रश्न : द्वितीया-तृतीयेला कोरीच्या आत उरलेला गोलही अंधुक दिसतो. तो कसा? तिथं तर ऊन नसतं ना?

उत्तर : ते पृथ्वीचं चांदणं आहे. आपल्याला चंद्राची बारीक कोर दिसते तेव्हा चंद्रावरून पृथ्वी जवळपास पूर्ण दिसते. आपली अमावास्या ती तिथली पौर्णिमा, पूर्ण पृथ्वीची. आणि पृथ्वी तिथून चंद्राच्या जवळजवळ चौपट रुंद दिसते, शिवाय ढगांमुळे पांढरी. तिचा उजेड चंद्राच्या रात्रीवर पडतो आणि तोच परत आपल्याकडे येतो.

प्रश्न : मी औसा तालुक्यातला आहे. १९९३ चा भूकंप पौर्णिमेला झाला. आमच्याकडे आजही पौर्णिमा-अमावास्येला म्हातारी माणसं बाहेर झोपायचं म्हणतात. त्यात तथ्य आहे का?

उत्तर : हा प्रश्न कुणी विचारेल असं वाटलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली. ज्यांनी ते बघितलं त्यांना मी अंधश्रद्धाळू म्हणणार नाही. बाहेर झोपण्यानं मनाला बरं वाटत असेल तर खुशाल झोपावं.

पण विचारलंत म्हणून हिशेब सांगतो. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की त्यांची ओढ मिळून वाढते, समुद्राला उधाण येतं, जमिनीलाही अगदी बारीक ताण पडतो. हे खरं आहे. काही ठिकाणच्या भूकंपांच्या आकडेवारीत शास्त्रज्ञांना त्याचा अंधुक संबंध दिसतोही. पण अशा पौर्णिमा-अमावास्या वर्षातून चोवीस-पंचवीस वेळा येतात. किल्लारीच्या आधीही येत होत्या, नंतरही आल्या, येतच आहेत. त्या जमिनीखाली फार मोठ्या काळापासून साठलेला ताण होता, तो त्या पहाटे मोकळा झाला. चंद्रामुळे तारीख ठरली असं म्हणायला आधार नाही आणि चंद्र बघून पुढची तारीख सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. माणसं मेली ती बहुतेक घरं पडून, जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. बाहेर झोपण्यापेक्षा घराची भिंत कशी बांधली आहे ते बघणं जास्त उपयोगाचं.

त्या वेळी चंद्र कुठे होता, हे मात्र मी एकदा मांडून बघितलं होतं. पौर्णिमा पूर्ण व्हायला एक दिवसही उरला नव्हता. पश्चिमेला कलला होता, मावळायला दीड-दोन तास होते.